दूरस्थ पदव्युत्तर वर्गातील स्नेहबंध : एक भाषाशास्त्रीय विचार

१. विषयप्रवेश

विद्यापीठात विद्यार्थी दोन गोष्टींकरिता येतो. एक, विद्या संपादन करण्याकरिता. आणि दुसरी, विद्येत रमणाऱ्या माणसांच्या सहवासात काही काळ राहण्याकरिता. यांपैकी पहिल्या गोष्टीची तरतूद विद्यापीठ अभ्यासक्रम, ग्रंथालय, परीक्षा या मार्गांनी करीत आले आहे. दुसरीची तरतूद मुद्दाम अशी कोणी केली नाही, कारण ती करण्याची आवश्यकताच कधी भासली नाही. वर्गाबाहेरचा व्हरांडा, वसतिगृहाची खाणावळ, ग्रंथालयाच्या पायऱ्या आणि फाटकाबाहेरची चहाची टपरी यांनी ती परस्पर केली. ऑनलाइन पद्धतीने चालणाऱ्या पदव्युत्तर वर्गात ही स्थळे नाहीत. व्याख्यान आहे, टिपणे आहेत, परीक्षाही आहे. परंतु व्याख्यान संपताच पडदा काळा होतो आणि विद्यार्थी ज्या खोलीत एकटा बसलेला असतो त्याच खोलीत एकटा उरतो.

अशा विद्यार्थ्याला स्नेही कसे मिळावेत, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा मानला जातो. तो तसा आहेच. परंतु मैत्री ही प्रामुख्याने बोलण्यातून जुळते, आणि बोलणे हा आमच्या शास्त्राचा विषय आहे. यास्तव या प्रश्नाकडे भाषेच्या अंगाने पाहिल्यास काय दिसते, आणि त्यातून विभागांना काही व्यवहार्य सूचना मिळतात काय, याचे दिग्दर्शन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थी प्रौढ असतो. मैत्री ही त्याची खाजगी बाब आहे. विद्यापीठाने तीत का पडावे, असे कोणी म्हणेल. यास दोन उत्तरे आहेत. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याची व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली जी उपपत्ती मांडली तीत केवळ बौद्धिक कुवतीस नव्हे, तर संस्थेच्या सामाजिक जीवनात विद्यार्थी किती मिसळला आहे यासही महत्त्वाचे स्थान दिले. पुढे या उपपत्तीवर पुष्कळ टीका झाली, तिच्यात दुरुस्त्याही झाल्या. परंतु माणसांशी जोडला न गेलेला विद्यार्थी लवकर गळतो, हे तिचे मुख्य सूत्र टिकून आहे. दुसरे उत्तर संशोधनासंबंधी आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की, नवी माहिती आपणांस बहुधा जिवलगांकडून नव्हे, तर सैल ओळखीच्या माणसांकडून मिळते. अमुक ग्रंथ कोठे मिळेल, कोणत्या मार्गदर्शकाकडे जागा आहे, कोणत्या गावी कोणती बोली अद्याप ऐकावयास मिळते, या गोष्टी माहितीपत्रकात नसतात. त्या बोलता बोलता कळतात. ज्याला बोलता बोलता काही कळण्याची सोय नाही तो विद्यार्थी एकाकी तर असतोच, शिवाय संशोधक म्हणूनही तो मागे पडतो.

२. दूरस्थ शिक्षणाची पूर्वपीठिका

दूरस्थ शिक्षण ही नवी कल्पना नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणाचा वर्ग उघडला. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीस १९६९ साली सनद मिळाली व १९७१ साली तिचे अध्यापन सुरू झाले. हैदराबाद येथे १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर २०१७ साली 'स्वयम्' हे केंद्र शासनाचे ऑनलाइन अध्यापनाचे साधन आले; मार्च २०२० मध्ये साथीमुळे सगळेच वर्ग पडद्यावर गेले; आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांची एकत्रित नियमावली जाहीर केली.

या इतिहासातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. विद्यार्थी एकटा पडणार हे जुन्या दूरस्थ संस्थांनी गृहीत धरले होते. ओपन युनिव्हर्सिटीने आरंभापासून अभ्यासकेंद्रे ठेवली व उन्हाळ्यात आठवडाभराची निवासी शिबिरे भरविली. आपल्याकडील मुक्त विद्यापीठांनीही अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे यांची योजना केली. छापील पुस्तक हे शिक्षकाची जागा घेईल, पण सोबत्याची घेणार नाही, ही जाणीव त्यामागे होती. ऑनलाइन पद्धतीत मात्र शिक्षक दिसतो, ऐकू येतो, वर्गबंधूंची नावे पडद्यावर ओळीने मांडलेली असतात. त्यामुळे माणसे भेटली असा समज होतो, आणि मुद्दाम भेट घडवून आणण्याची योजना अनावश्यक वाटू लागते. मायकेल मूर यांनी दूरस्थ शिक्षणातील अंतर मैलांत मोजावयाचे नसून शिक्षक व विद्यार्थी यांच्या संवादात किती अवसर आहे यावरून मोजावयाचे, असे प्रतिपादन केले आहे. तोच विचार विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांतील अंतरासही लागू पडतो.

३. जवळीक, पुनःपुन्हा भेट आणि वेळ

मैत्री कशी जुळते याविषयी जे प्रयोगसिद्ध ज्ञान उपलब्ध आहे त्यातील तीन निष्कर्ष येथे पुरेसे आहेत.

लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर व कर्ट बॅक यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास करून १९५० साली तो प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावर शेजारच्या दाराशी राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना स्नेही म्हणून निवडले. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. ही दोन टोके म्हणजे काही मैलांचे अंतर नव्हे, चार दारांचे. त्याहून बोधप्रद निष्कर्ष असा की, जिन्यापाशी ज्यांची दारे होती त्यांची वरच्या मजल्यावरील लोकांशी मैत्री अधिक झाली. म्हणजे अंतराइतकाच महत्त्वाचा असतो तो येण्याजाण्याचा मार्ग.

दुसरा निष्कर्ष मोरलँड व बीच यांचा, १९९२ सालचा. चार तरुणींना एका वर्गात बसविण्यात आले. एक कधीच गेली नाही. इतर तिघी अनुक्रमे ५, १० व १५ वेळा गेल्या. कोणीही कोणाशी बोलले नाही. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांना छायाचित्रे दाखविली, तेव्हा जी अधिक वेळा दिसली होती ती अधिक आवडती ठरली. नुसते दिसत राहणे हीसुद्धा ओळखीची पूर्वतयारी असते. ऑनलाइन वर्गात चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन असल्यास ही पूर्वतयारीही होत नाही.

तिसरा निष्कर्ष जेफ्री हॉल यांचा, २०१८ सालचा. ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तास, मित्र म्हणण्याजोग्या नात्यास सुमारे ९० तास, आणि जिवलग मैत्रीस २०० हून अधिक तास एकमेकांच्या संगतीत जावे लागतात, असे त्यांना आढळले. आता हिशेब करून पाहू. एका श्रेयांकास १५ तास धरले, तर चार श्रेयांकांच्या चार अभ्यासपत्रिकांचे एका सत्रात २४० तास होतात. एवढ्या तासांत जिवलग मैत्री व्हावयास हरकत नव्हती. परंतु हॉल यांचाच दुसरा निष्कर्ष असा की, कामाच्या वा वर्गाच्या निमित्ताने एकत्र घालविलेल्या तासांचा मैत्रीशी फारसा संबंध दिसत नाही. गप्पा, खाणेपिणे, सहज भटकणे यांतले तास मोजले जातात. ऑनलाइन वर्गाने २४० तास जसेच्या तसे ठेवले आणि नेमके ते इतर तास काढून टाकले.

४. 'आवाज येतोय का?'

ते इतर तास कशाने भरलेले असतात? भाषेच्या दृष्टीने पाहता, बहुतांशी निरर्थक बोलण्याने. ब्रॉनिस्लॉव्ह मॅलिनोव्हस्की यांनी ट्रोब्रिअँड बेटांवरील अनुभवाच्या आधारे १९२३ साली असे दाखविले की, माणसे कित्येकदा माहिती देण्याकरिता बोलतच नाहीत. केवळ बोलण्यानेच त्यांच्यात एक बंध निर्माण होतो. या प्रकारास त्यांनी 'फॅटिक कम्युनिअन' असे नाव दिले. आपण त्यास स्नेहालाप म्हणू. 'काय, जेवण झालं का?', 'कुठे निघालात?', 'यंदा उन्हाळा फारच आहे', ही आपल्याकडील ठळक उदाहरणे होत. 'कुठे निघालात?' या प्रश्नास 'हा काय, इथेच' हे उत्तर चालते, यावरूनच विचारणाऱ्यास पत्ता नको होता हे उघड आहे.

रोमान याकोबसन यांनी १९६० साली भाषेची सहा कार्ये सांगताना मॅलिनोव्हस्कींचीच संज्ञा घेतली, पण तिला किंचित निराळा अर्थ दिला : संपर्काची वाट खुली आहे किंवा नाही हे तपासणे. दूरध्वनीवरील 'हॅलो, ऐकू येतंय ना?' हे या कार्याचे साधे उदाहरण होय. या दोन अर्थांतील भेद एरव्ही सूक्ष्म वाटतो. ऑनलाइन वर्गात तो स्पष्ट होतो. 'माझा आवाज येतोय का?', 'पडदा दिसतोय का?', 'माईक बंद करा', 'कोणाचा तरी आवाज येतोय' अशी वाक्ये अशा वर्गात सतत कानी पडतात. याकोबसन यांच्या अर्थाने हा वर्ग संपर्ककार्याने ओसंडून वाहत असतो. मॅलिनोव्हस्की यांच्या अर्थाने तो जवळजवळ कोरडा असतो. वाट खुली आहे हे आपण पुनःपुन्हा तपासतो, पण त्या वाटेने कोणी कोणाकडे जात नाही.

याचे कारण विद्यार्थ्यांचा रुक्षपणा नव्हे. वर्ग ठरल्या मिनिटास सुरू होतो आणि ठरल्या मिनिटास संपतो. स्नेहालाप हा नेहमी कामाच्या कडेला घडतो : शिक्षक येण्यापूर्वी, वर्ग सुटल्यानंतर, जिना उतरताना. कामाला कडाच उरली नाही, तर तो घडावा कोठे? शिवाय शेजाऱ्याच्या कानात कुजबुजण्याची सोय नाही. पडद्यावर जो बोलतो तो सर्वांशी बोलतो. आणि साठ माणसांना उद्देशून 'जेवण झालं का?' असे कोणी विचारीत नाही.

५. पाळी आणि हुंकार

संभाषणात एकाने बोलावे, मग दुसऱ्याने, ही पाळी कशी ठरते याची व्यवस्था सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ साली मांडली. पुढे २००९ साली दहा भाषांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात असे आढळले की, प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतील अवकाश सरासरीने सेकंदाचा साधारण पाचवा भाग असतो. भाषेभाषेत थोडा फरक पडतो, पण सर्वत्र प्रवृत्ती एकच : फट कमी ठेवावी आणि एकमेकांवर बोलणे टाळावे.

ऑनलाइन संभाषणात आवाज पोचण्यास जो विलंब लागतो तो पुष्कळदा या अवकाशाइतका किंवा त्याहूनही अधिक असतो. परिणामी दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, 'बोला, बोला', 'नाही, आधी तुम्ही' असे होते आणि तिसरा मनुष्य बोलण्याचा विचारच सोडून देतो. जर्मनीतील काही संशोधकांनी २०१४ साली दाखविले की, असा विलंब यंत्राचा असूनही ऐकणारे तो बोलणाऱ्याच्या स्वभावाकडे लावतात. तो मनुष्य कमी लक्ष देणारा आहे असे त्यांना वाटते. यंत्राचा दोष माणसाच्या खाती जमा होतो, आणि तो झाला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याहून मोठी हानी हुंकारांची होते. व्हिक्टर यिंग्वे यांनी १९७० साली ऐकणाऱ्याच्या 'हं', 'हो ना', 'अच्छा', 'अरे वा' अशा लहान उच्चारांकडे लक्ष वेधले. बोलण्याच्या मुख्य वाटेला समांतर अशी ही मागची वाट आहे, असे ते म्हणाले. मराठी संभाषणात या हुंकारांचे महत्त्व विशेष आहे. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो, हे आपल्या घराघरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. ऑनलाइन वर्गात शिस्तीपोटी सर्वांचे माईक बंद असतात. ही शिस्त व्याख्यानास आवश्यक आहे हे खरे. पण तीमुळे जो विद्यार्थी धीर करून बोलतो, तो संपूर्ण शांततेत बोलतो. आपले म्हणणे कोणास पटले, कोणास हसू आले, कोणाच्या लक्षात राहिले, हे त्यास कळत नाही. पुढच्या वेळी तो बोलत नाही. यास आपण विद्यार्थ्यांची उदासीनता म्हणतो. वस्तुतः ती हुंकाराच्या अभावाची परिणती असते.

६. तू, तुम्ही आणि आपण

याकोबसन यांचा उपरोक्त निबंध ज्या संग्रहात आला, त्याच संग्रहात रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांचा सर्वनामांवरील प्रसिद्ध निबंध आहे. युरोपीय भाषांतील एकेरी व आदरार्थी सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता आणि सख्य अशी दोन तत्त्वे असतात, असे त्यांनी त्यात दाखविले. मराठी भाषकास हे सांगावयास नको. दोन समवयस्क 'अहो-जाहो'वरून 'अरे-तुरे'वर येतात तो क्षण मैत्रीच्या इतिहासात नोंदण्याजोगा असतो.

आता ऑनलाइन वर्गात काय होते ते पाहावे. अशा वर्गात नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी असतो, तद्वत वीस वर्षे शाळेत शिकविणाऱ्या शिक्षिका असतात, नोकरी सांभाळून शिकणारे कर्मचारी असतात. एरव्ही पाहताक्षणी वयाचा अंदाज येतो आणि 'ताई', 'दादा', 'काका', 'मॅडम' यांपैकी एक संबोधन मनात ठरते. काळ्या चौकोनावरून वय कळत नाही. 'तू' म्हणावयाचे तर आणखी एक अडचण आहे. मराठीत एकेरी क्रियापद लिंग उघड करते : 'तू कुठून आलास' किंवा 'तू कुठून आलीस', 'तुम्ही कुठून आलात' यात मात्र लिंगभेद नाही. संबोधनातही 'अरे' आणि 'अगं' वेगळे, 'अहो' दोघांना समान. अर्थात ज्याच्याविषयी आपणास काहीच ठाऊक नाही त्याच्याशी 'तुम्ही'नेच बोलावे लागते; आणि कित्येकदा संबोधनच टाळून केवळ 'नोट्स मिळतील का?' असे कर्त्याविना वाक्य लिहिले जाते. गटातील संदेशांत अशी संबोधनहीन वाक्ये विपुल आढळतात. त्यांना उद्धट समजण्याचे कारण नाही. लिहिणाऱ्यास काय म्हणून हाक मारावी हे कळलेले नसते, एवढाच त्यांचा अर्थ.

'आपण' या सर्वनामाची गोष्ट आणखी विचारप्रवर्तक आहे. 'आपण उद्या याल का?' यात ते अत्यंत आदराचे, म्हणून अत्यंत अंतराचे द्वितीयपुरुषी रूप आहे. 'आपण उद्या भेटू' यात तेच रूप प्रथमपुरुषी, आणि श्रोत्यास आपल्यात सामावून घेणारे आहे. तमिळ, तेलुगू या द्राविडी भाषांप्रमाणे आणि गुजरातीप्रमाणे मराठीतही श्रोत्यास वगळणारे 'आम्ही' व सामावणारे 'आपण' असा भेद आहे. हिंदीतील 'हम' यात तो नाही. विद्यार्थी विभागास लिहितात तेव्हा 'आम्हांस निकाल कळलेला नाही' असे लिहितात. हे योग्यच आहे. परंतु एखादा वर्ग खरोखर समुदाय झाला किंवा नाही याची खूण पाहावयाची असेल, तर विद्यार्थी एकमेकांशी बोलताना पहिला 'आपण' वापरतात की दुसरा, याकडे लक्ष द्यावे. उपस्थितिपत्रकापेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय ठरेल असे आमचे मत आहे.

प्रमाणभाषा व बोली यांचा प्रश्नही याच सदरात येतो. वर्गात प्रमाण मराठी आणि व्हरांड्यात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी, अशी विभागणी विद्यार्थी सहज करीत असतात. आणि एकाने आपल्या घरची बोली दुसऱ्यासमोर निःसंकोच बोलणे हा विश्वासाचा भाग असतो. ऑनलाइन वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण होते. जे बोलणे जतन होणार आहे ते माणूस जपून बोलतो. म्हणून सर्व काळ प्रमाणभाषेचा, सर्व काळ परीक्षेचा, असे त्या वर्गाचे रूप होते.

७. नावाची पाटी आणि समानशीलांचा मोह

पडद्यावर प्रत्येकाच्या चौकोनाखाली संपूर्ण नाव असते. प्रत्यक्ष वर्गात माणूस आधी दिसतो, मग त्याचे पाळण्यातले नाव कळते, आडनाव पुष्कळ दिवसांनी कळते. पडद्यावर आडनाव प्रथम भेटते. महाराष्ट्रात आडनावावरून जातीचा तर्क करण्याची खोड किती रुजलेली आहे हे वाचकांस ठाऊक आहे. तेव्हा ज्या ओळखीस आरंभीचे काही दिवस निर्लेप वाढण्याची संधी मिळत असे, ती आता पहिल्या क्षणीच तर्काच्या छायेत येते. हा दोष लहान नव्हे. पण त्याचा उपाय सोपा आहे, तो पुढे सांगितला आहे.

ऑनलाइन विद्यार्थ्यांची गाठ घालून देण्याचे यांत्रिक प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रज्ञान संस्थेने २०१४ साली संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली व तीत हजारो विद्यार्थी आले. तेथील प्राध्यापक अशोक गोयल यांच्या गटाने २०१६ साली विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देणारा 'जिल वॉटसन' नावाचा कृत्रिम साहाय्यक वापरला; पुढे 'सामी' नावाचे दुसरे साधन तयार केले. विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी लिहिलेली परिचयपर टिपणे वाचून, ज्यांची संमती आहे अशांना, समान गाव, समान छंद किंवा समान विषय असलेल्या सहाध्यायांची नावे ते सुचविते. संमतीची अट आणि परिचयाचा उपयोग या दोन्ही गोष्टी अनुकरणीय आहेत.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. लाझार्सफेल्ड व मर्टन यांनी १९५४ साली दाखविल्याप्रमाणे माणसे आपल्यासारख्यांशीच मैत्री करू पाहतात. गाव, आवड, पार्श्वभूमी यांवरून जोड्या लावल्या तर ओळखी लवकर होतील. परंतु आपल्याहून वेगळा मनुष्य भेटणे हा जो विद्यापीठाचा मोठा लाभ, तो कमी होईल. महाराष्ट्रात अशा जुळणीचे पर्यवसान कशात होईल हे वेगळे सांगावयास नको. समानतेचा धागा ओळखीच्या आरंभास घ्यावा. गट मात्र मिश्र असावेत.

८. काही व्यवहार्य सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील सूचना निघतात. त्यांस फारसा खर्च नाही.

(१) प्रवेशानंतर चार-पाच जणांचे कायम गट करावेत व ते संपूर्ण सत्रभर बदलू नयेत. प्रत्येक वेळी नव्याने गट पाडण्याने समता साधते असे वाटते, पण पुनःपुन्हा भेटण्याचा लाभ नाहीसा होतो. पाच माणसांत माईक उघडे ठेवता येतात. म्हणून हुंकारही परत येतात.

(२) वर्गापूर्वी व नंतर पंधरा मिनिटे पडदा उघडा ठेवावा. या वेळात मुद्रण करू नये आणि शिक्षकाने तेथून निघून जावे. कामाला कडा उपलब्ध करून देणे एवढेच विभागाचे काम. तेथे काय बोलावे हे विद्यार्थी ठरवितील.

(३) परिचय करून देताना गुण व पदव्या विचारू नयेत. 'तुम्हांला काय म्हणून हाक मारावी?', 'घरी कोणती बोली बोलतात?', 'सध्या काय वाचीत आहात?' असे तीन प्रश्न पुरेत. चौकोनाखाली कोणते नाव दिसावे हे विद्यार्थ्याने ठरवावे. उपस्थितीसाठी क्रमांक पुरेसा आहे.

(४) एकमेकांवाचून पूर्ण होणार नाही असे काम द्यावे. भाषाशास्त्राच्या वर्गात हे सहज साधते. नाते, शेती किंवा स्वयंपाक यांपैकी एका क्षेत्रातील शब्द पाच जणांनी आपापल्या गावी गोळा करावेत व एकत्र ताडून पाहावेत. धुळ्याचा विद्यार्थी सावंतवाडीच्या विद्यार्थिनीस फोन करून 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असे विचारतो, तेव्हा अभ्यासही होतो आणि स्नेहालापही. दूर दूर राहणे हा येथे दोष न राहता सामग्री होते.

(५) चित्र दाखविण्याची सक्ती करू नये. एकाच खोलीत सारे कुटुंब वावरत असता, किंवा महिन्याचा डेटा मोजून वापरावा लागत असता, कॅमेरा उघडणे प्रत्येकास शक्य नसते. विवाहित विद्यार्थिनींच्या बाबतीत ही अडचण अधिक असते. ज्यास ते शक्य नाही त्याने छायाचित्र ठेवावे, किंवा गटात फोनवरून बोलावे. केवळ आवाजाने जुळलेल्या मैत्र्या कमी टिकाऊ असतात असे मानण्यास आधार नाही.

(६) सत्रातून एकदा तरी प्रत्यक्ष भेट घडवावी, आणि ती विद्यापीठाच्या गावीच असली पाहिजे असे नाही. ज्या जिल्ह्यात पाच-सहा विद्यार्थी आहेत तेथील एखाद्या महाविद्यालयात दिवसभराचे संपर्कसत्र घ्यावे, आणि त्यातील जेवणाची सुटी चांगली दीड तासाची ठेवावी. व्याख्यान एखादे कमी झाले तरी चालेल.

(७) विभागाच्या अधिकृत गटाव्यतिरिक्त विद्यार्थ्यांचा स्वतःचा, शिक्षकांविना असलेला गट असू द्यावा. शिक्षकाच्या उपस्थितीत भाषा बदलते. हा कोणाचा दोष नसून संभाषणाचा नियम आहे. अधिकृत गटात सूचना आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांपलीकडे काही घडत नाही याचे आश्चर्य मानू नये.

(८) एकटे राहणे ज्यास प्रिय आहे त्यास एकटे राहू द्यावे. या सर्व योजना संधीच्या आहेत, सक्तीच्या नव्हेत. मैत्री हा अभ्यासपत्रिकेचा भाग झाला आणि तीस गुण मिळू लागले, तर ती त्याच दिवशी संपेल.

९. समारोप

तात्पर्य असे की, ऑनलाइन विद्यार्थ्याचा एकाकीपणा ही केवळ मनाची अवस्था नसून संभाषणाच्या रचनेतून निर्माण होणारी स्थिती आहे. स्नेहालापास जागा नाही, हुंकारास वाट नाही, संबोधन ठरविण्यास आवश्यक ते ज्ञान नाही, बोलीस आडोसा नाही. यांपैकी प्रत्येक उणीव थोड्या योजनेने भरून काढता येते. गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी २००० साली ऑनलाइन अध्ययनाची जी मांडणी केली तीत बौद्धिक व अध्यापकीय उपस्थितीबरोबर सामाजिक उपस्थितीही आवश्यक मानली आहे; ती उपस्थिती भाषेत कशी प्रकट होते हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला.

या क्षेत्रात मराठीच्या अभ्यासकांस पुष्कळ काम करण्याजोगे आहे. ऑनलाइन गटातील सदस्य 'तुम्ही'वरून 'तू'वर किती काळाने येतात, पुढाकार कोण घेते, वय व लिंग यांचा त्यात काय वाटा असतो; गटातील लेखी मराठीत हुंकारांची जागा कोणती चिन्हे घेतात; बोलीरूपे प्रथम केव्हा डोकावतात; हे सर्व प्रश्न संमतीने मिळविलेल्या सामग्रीवर तपासता येतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधाकरिता त्यांचा विचार करावा. आणि ज्यांचा वर्ग ऑनलाइन आहे अशा विद्यार्थ्यांनी हे काम चौघांनी मिळून करावे, अशी आमची शिफारस आहे. त्यात सामग्री जमेल, आणि ती जमविताना तासही मोजले जातील.